गाढवरावांची ताटं

एक होतं आटपाट रान. तिथे सणाच्या फराळाची ताटं घरोघर पोहोचवायला गाढवराव आणि बोकड होते, वर कोल्हा मुकादम. बोकड वाटेत लाडू चाखायचा, म्हणून त्याला एकच ताट. गाढवराव नेमाने पोहोचवायचे, म्हणून त्यांना बाकीची सगळी!

त्यातून रिकामं ताट परत पाठवायची रानात रीत नव्हती. सशीणबाईंना लाडू दिले, की त्या करंज्या घालून ताट परत देत. ओझं काही उतरेना.

घरी गाढवीणबाईंचं व्रत. यजमान आल्याशिवाय उपास सोडायचा नाही. ते येईपर्यंत दुसऱ्या दिवसाचा उपास लागायचा!

शेवटी बाई पाट घेऊन कोल्ह्याच्या दारात बसल्या. "यजमान इथेच राबतात, मग उपासही इथेच सोडीन हो!"

कोल्हीण कळवळली. "अहो, सवाष्ण दारात उपाशी! उचला ती ताटं, आज तुम्हीच जा!"

संध्याकाळी कोल्हा वाकून परतला, तर पाठीवर सकाळइतकंच ओझं. "गाढवराव, हे संपतं तरी कधी?"

"मुकादम, मलाही तेच विचारायचं होतं."

दुसऱ्या दिवसापासून ताटं तिघांत सारखी वाटली. बोकडाला तेवढं मुसकं बांधलं.

गाढवीणबाईंचे यजमान जसे दिवेलागणीला घरी आले, तसे सगळ्यांचे येवोत.