गेरूचा मान

ही फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राज्य कुणाचे होते हे सांगायलाही आता कुणी उरलेले नाही.

जंगलाच्या कडेला एक गाव होते. गावाच्या वेशीवर नेहमी एक कुत्रा असे. तो कुणा एकाचा नसे, साऱ्या गावाचा असे. रानडुकरे पिकात घुसली की तो त्यांच्यामागे धावे, बिबट्याचा वास आला की भुंकून गाव जागे करी. म्हणून दर वर्षी गावदेवीच्या जत्रेत त्याचा मान होई. त्याच्या कपाळाला हळद लावत, गळ्यात झेंडूची माळ घालत, आणि नैवेद्याच्या हंड्यात शिजलेले पहिले हाड गावातल्या सर्वांत वयस्क माणसाच्या हातून त्याला देत. कुत्रा ते कडाकडा फोडी आणि लोक कौतुकाने टाळ्या वाजवीत.

पण एका जत्रेचा कुत्रा सहसा दुसरी जत्रा पाहत नसे. थोड्याच दिवसांत तो कण्हू लागे, अन्न सोडी आणि मरे. लोक डोळे पुसत म्हणत, "देवीनं आपलं लेकरू जवळ बोलावलं." मग त्याला वेशीजवळच्या वडाखाली पुरत आणि वेशीवर नवे पिल्लू आणत.

त्या वर्षी वेशीवर गेरू होता. रंग गेरूसारखा तांबडा, एक कान उभा, एक पडलेला. आणि त्या वर्षी गावातले सर्वांत वयस्क झाले होते आबा.

आबा तरुणपणी राजधानीत राहून पुष्कळ शिकले होते. इतके शिकले होते, की कुठल्याही प्रश्नाच्या दोन्ही बाजू त्यांना सारख्याच खऱ्या वाटत. घराला कडी लावली की नाही हे पाहायला ते अर्ध्या वाटेतून परत फिरत, आणि पाहिले ते नीट पाहिले का, या शंकेने पुन्हा एकदा फिरत. गेरू रोज सकाळी त्यांच्याबरोबर नदीवर जाई. आबा परत फिरले की तोही फिरे. गावात या येरझाऱ्यांना न हसणारा तो एकटाच होता.

जत्रा जवळ आली तसे पाटील घरी येऊन सांगून गेले, "आबा, यंदाचं हाड तुमच्या हातचं हं!"

मानाचे हाड खाल्ल्यानंतरचे मागच्या कुत्र्याचे शेवटचे दिवस आबांनी पाहिले होते. त्यांनी दुपारच्या रश्श्यातले एक हाड उचलले, पाट्यावर ठेवले आणि वरवंटा मारला. शिजलेले हाड तडकले. त्याच्या दाभणासारख्या टोकदार काड्या झाल्या. एक काडी बोटात घुसून रक्त आले.

"अहो, तो वरवंटा मला मसाल्याला लागतो," आतून बायको म्हणाली.

"यानं गेरू मरेल गं."

"मग देऊ नका."

"आणि देवी कोपली तर? गावावर काही संकट आलं तर लोक म्हणतील, आबांमुळे आलं. ते खरंही असेल."

"मग द्या."

"हे कसं देऊ?"

"मग राहा उभे उंबऱ्यात, एक पाय आत नि एक बाहेर!" ती म्हणाली. "गेरूनं तोवर पाटलांचा दुसराही जोडा खाल्लेला असेल."

हेही खरेच होते. गेरू जवान होता, त्याचे दात शिवशिवत. त्याला काहीच दिले नाही, तर तो स्वतः शोधून काहीतरी चावणारच. तेव्हा चघळायला द्यायचे, मानाने द्यायचे, पण ज्याने जीव जाणार नाही असे द्यायचे. आबांनी शोध सुरू केला.

जंगलात गळून पडलेले सांबराचे शिंग त्यांना मिळाले. ते फुटत नव्हते, म्हणून आबा खूश झाले. मग शंका आली, हे फार कठीण तर नाही? त्यांनी शिंग आपल्याच गुडघ्यावर आपटून पाहिले आणि ओरडले.

"आता काय झालं?"

"माझ्या गुडघ्याला जे सोसत नाही, ते त्याच्या दाताला कसं सोसेल?"

"तुमचे गुडघे आधीच कुरकुरतात. त्यांना कशाला साक्षीला बोलावता?"

मग त्यांनी वाळलेल्या चामड्याची गुंडाळी आणली. ती मऊही होती नि चिवटही. पण पोटात गेल्यावर तिचे काय होईल, म्हणून ती लोटाभर पाण्यात भिजत घातली. सकाळी पाहतात तो ती फुगून बुळबुळीत गोळा झालेली. हा गोळा गेरूच्या घशात अडकला तर, या विचाराने आबांना स्वतःचाच घास जाईना.

हताश होऊन ते अंगणात बसले. बाजेवर बायकोने रताळ्याचे लांब, जाड काप वाळत घातले होते. आबांनी सहज एक उचलला. नखाने दाबला, तर खूण उमटली. वाकवला, तर वाकला. मोडून टोक निघाले नाही. गुडघ्यावर मारला, दुखले नाही. पाण्यात ठेवला, तर हळूहळू त्याचा मऊ लगदा झाला.

"सापडलं!" आबा म्हणाले.

"काय सापडलं? माझी रताळी? ती मीच ठेवली आहेत तिथं!"

आबांनी त्यातला सर्वांत लांब काप निवडला. गेरूच्या अख्ख्या तोंडाहून तो मोठा होता. एका घासात गिळता येणार नव्हता.

जत्रेचा दिवस आला. ढोल वाजले. पाटलांनी ताटात हाड पुढे केले. आबांनी ते हाड बाजूला ठेवले आणि उपरण्यातून रताळ्याचा काप काढला.

ढोल थांबले.

"अरे, कुत्र्याला उपास आहे का आज?" मागून कुणीतरी म्हणाले. सगळे हसले. पाटील मात्र हसले नाहीत.

"आबा, देवीच्या दारात थट्टा नको."

"थट्टा नाही, पाटील. मी भ्यालोय." आबांनी ते हाड पायरीच्या दगडावर ठेवून दुसऱ्या दगडाने फोडले आणि एक अणकुचीदार काडी वर धरली. "देवीला गेरूला बोलवायचंच असेल, तर ती हे न टोचताही बोलावेल. मग आपण कशाला टोचायचं?"

"आणि तुमचं चुकत असेल तर?"

"चुकत असेल. पुष्कळदा चुकतं माझं. म्हणून आत जाऊन देवीला सांगून आलोय, कोप करायचा तर माझ्या एकट्यावर कर."

पाटील बाजूला सरले. मान देणाऱ्याचा हात अडवायचा नाही, ही रीत त्यांनाही मोडवेना.

गेरूने काप हुंगला, त्याला एक फेरी घातली, मग दोन्ही पंजांत धरून चघळायला लागला. कडाकडा आवाज नाही, मौज नाही. लोक कंटाळून पांगले. आबा पायरीवर बसून राहिले. काप बोटाएवढा उरला तसा गेरूने तो अख्खा गिळायला तोंड वासले. आबांनी चटकन भाकरीचा तुकडा पुढे केला. गेरू भाकरीकडे वळला आणि आबांनी उरलेला तुकडा काढून घेतला.

पाटील दुरून पाहत होते. ते वाढप्यांवर खेकसले, "पंगतीतली हाडंही खोल पुरा रे! एवढं केलंच आहे, तर पुरतं करू."

पुढचे दिवस आबांना घास गोड लागला नाही. आणि एका सकाळी गेरू दाराशी आलाच नाही.

आबा एकाच पायात वहाण घालून वेशीकडे धावले. कडी लावायचे भानही राहिले नाही. गेरू आंब्याखाली आडवा पडला होता. आबा त्याच्याशेजारी बसले.

"गेरू," त्यांनी हाक मारली.

गेरूने एक डोळा उघडला. शेपूट जमिनीवर आपटले आणि धूळ उडाली. मग त्याने लांबलचक जांभई दिली.

"झोपू द्या त्याला, आबा," मळ्याकडून येत पाटील म्हणाले. "पहाटेपासून डुकरांमागे होता. माझं अख्खं शेत वाचवलं त्यानं."

आबा हसायला लागले. हसता हसता त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. छातीवरचा धोंडा कुणी उचलून घ्यावा, तसे त्यांना वाटले.

पाटील मात्र वडाकडे पाहत होते. त्यांनी विचारले, "मग आबा, ते सगळे... देवीनं नव्हते बोलावले?"

आबांनी गेरूच्या पाठीवर हात ठेवला. "मला नक्की ठाऊक नाही, पाटील. पण आपण ते प्रेमानंच दिलं होतं."

गेरूने दुसरी जत्रा पाहिली, तिसरी पाहिली, आणि तोंडावरचे केस पांढरे होईपर्यंत तो वेस राखत राहिला. गावाने मानाची रीत सोडली नाही. फक्त तेव्हापासून मानाचा तुकडा आधी नखाने दाबून पाहत, आणि तो देणारा कुत्र्याचे खाऊन होईपर्यंत त्याच्याजवळून उठत नसे.

तात्पर्य : प्रेमाने देणे पुरेसे नाही, जे द्यायचे ते आधी आपल्या हाताने पारखावे आणि दिल्यावर जवळ थांबावे.