उरलेला दगड कुठे गेला

पूर्वी शिलावती नगरीत चंडवर्मा नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने मणिकारांच्या आळीत जन्म घेतला होता. त्याचं नाव विरज. धुरकट स्फटिक कोरावा तर विरजनेच, असं लोक म्हणत. हा दगड मोठा लहरी. आत धूर कोंडल्यासारखा रंग, एकीकडे दाट तर एकीकडे विरळ. विरज तो दिवसभर उजेडात फिरवून पाहायचा आणि मूर्तीचा जो भाग गडद हवा, नेमका तिथे तो धूर आणायचा. त्याचा धाकटा भाऊ सुनंद चाकावर बसून दगड घासायचा, झिलई द्यायचा. वर्षानुवर्षं ती पूड नाकातोंडात जाऊन त्याला खोकला जडला होता.

आळीची एक रीत होती. कामातून कापून निघालेला तुकडा लगेच टाकायचा नाही. काम मालकाच्या हाती पडेपर्यंत तो कोंडा भरलेल्या मडक्यात जपून ठेवायचा.

आता राजाबद्दल काय सांगावं! दुष्ट नव्हता हो. पण कोरीव खडे जमवायचा भारी नाद, आणि मन म्हणाल तर घडीभर एका जागी ठरेल तर शपथ! अशा माणसाचं काम घेणं म्हणजे डोक्याला ताप.

एकदा डोंगरातून नारळाएवढा धुरकट स्फटिक आला. राजाने विरजला बोलावून सांगितलं, "हत्ती कर. सोंड वर केलेला."

"हत्तीच ना, महाराज? दगड कापून कमी होतो, पुन्हा वाढत नाही."

"मला शिकवतोस? हत्तीच!"

झालं. दोघे भाऊ कामाला लागले. हत्तीचे कान दिसू लागले, सोंड सुटी झाली, आणि राजा हजर. म्हणाला, "हत्ती काय, कुणाकडेही असतो. सिंह कर." विरजने सोंड कापली, कान कापले, मडक्यात ठेवले. सिंहाची आयाळ दगडात उतरली तेव्हा राजाला कळलं की शेजारच्या राजाकडे सिंह आहे. मग घोडा! घोड्याच्या मानेपर्यंत काम आलं तेव्हा हा गृहस्थ दगड डोळ्यांजवळ धरून विचारतो, "हा आतला धूर जरा पुसून काढता येईल का?"

अहो, धुरकट स्फटिकातला धूर! कपाळावर हात मारून घ्यावा नाही तर काय करावं?

सुनंदने चाक थांबवलं. राजाची पाठ वळताच तो म्हणाला, "दादा, हात जोडतो तुला, एकदा तरी त्याला सुनाव. मला आता हे सहन होत नाही."

"मलाही वैताग येतो रे," विरज म्हणाला. "पण चिडून हात हलला तर मान तुटेल घोड्याची. पाणी घाल चाकावर."

घोड्याची मान तुटली नाही, पण वाचलीही नाही. राजाला आता राणीच्या गळ्यात घालायला हंस हवा होता. विरजने हंस कोरला. मान निर्मळ पाण्यासारखी आणि पंखांत तेवढा धूर, असा सुरेख हंस झाला. अंगठ्याच्या पेराएवढा.

दरबारात राजाने तो तळहातावर घेतला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "एवढासाच? मी नारळाएवढा दगड दिला होता. बाकीचा कुठे गेला?"

हा प्रश्न कुणी विचारला? त्याने! त्यानेच! आणि दरबारात एकालाही हसू फुटलं नाही. उलट भांडारावरचा पिंगल राजाच्या कानाला लागला की घासणाऱ्यानेच दगड चोरून विकला असणार. राजाने हुकूम सोडला, "चोराचा उजवा हात तोडा." शिपायांनी विरजबरोबर आलेल्या सुनंदला धरलं.

पिंगलने विरजला बाजूला घेतलं. "तुझा भाऊ तसाही खोकून खोकून किती जगणार? आळ त्याच्यावर जाऊ दे. उद्यापासून तू राजमणिकार. आळीतलं सगळं काम तुझ्या हातून जाईल."

विरजला इतका संताप आला की त्याचे हात थरथरू लागले. त्या हातांनी काम बिघडेल, म्हणून थरथर थांबेपर्यंत तो उभा राहिला. मग राजाला म्हणाला, "महाराज, हात तोडण्याआधी मला निखारे, थोडी लाख आणि माझं मडकं आणून द्या. दगड कुठे गेला ते दाखवतो."

तो जमिनीवर बसला. ऊन लाखेने त्याने हंसाभोवती घोड्याची मान चिकटवली, तिच्यावर सिंहाची आयाळ, वर हत्तीचे कान, सोंड. प्रत्येक तुकडा बसवताना तो एवढंच म्हणे, "हा घोडा नको म्हणालात तेव्हाचा. हा सिंह नको म्हणालात तेव्हाचा." हळूहळू जुना दगड उभा राहिला. पण मध्ये फटी होत्या, खळगे होते.

तर राजा काय म्हणाला असेल? "तरी कमीच भरतोय!"

विरजने मान वर केली. "हो, महाराज. तेवढ्याची पूड झाली. थोडी पाण्याबरोबर गेली. बाकीची माझ्या भावाच्या छातीत आहे. त्याला खोकू द्या, मग कळेल."

सुनंदने भीतीने खोकला दाबून धरला होता. आता तो सुटला. शिपायांनी त्याचे हात सोडले, कारण तो जमिनीवर वाकला होता. कितीतरी वेळ तो खोकत राहिला. ओठांवर रक्त आलं.

 राजा सिंहासनावरून उतरला, आपल्या शेल्याने सुनंदचे ओठ पुसले आणि म्हणाला, "विरजा, हे मी केलं."

"हो," विरज म्हणाला. "आधी वैद्य बोलवा."

सुनंदचा हात राहिला. तो पुन्हा चाकावर बसला नाही, पण राजाने त्याला जन्मभर सांभाळलं. लाखेने जोडलेला तो ओबडधोबड दगड राजाच्या संग्रहात सगळ्यांत पुढे राहिला. कुठलंही काम सांगण्याआधी राजा त्याच्यासमोर बसू लागला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, एका विहारात सांगितली. भिक्षू सोमदत्त रागाने पात्र आपटून आला होता, कारण विहार बांधून देणारा गृहपती धनगुप्त दार कधी पूर्वेला, कधी उत्तरेला हलवत होता आणि विटा वाहून सोमदत्तच्या खांद्याची सालटं निघाली होती. शास्ते म्हणाले, "तेव्हाचा राजा हा गृहपती धनगुप्त. पिंगल म्हणजे त्याच्या कानाशी बसलेला कारभारी. सुनंद म्हणजे, सोमदत्ता, तूच. विरज मी होतो. त्याच्या त्या सहनशीलतेला क्षांती म्हणतात. वैताग तिलाही येतो, पण ती हात बिघडू देत नाही आणि भावाला सोडत नाही."

धनगुप्त पुढच्याच रांगेत होता. तो उठला, सोमदत्तच्या खांद्याकडे त्याने पाहिलं आणि म्हणाला, "भंते, दार आहे तिथेच राहू दे."