उतरवायचं तेल

टक्, टक्, टक्. फार फार वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या राखणदाराला दिवसातून सोळा वेळा हा आवाज ऐकू येई. ऊन पडलं की त्याच्या घराचा पत्रा तापून असा वाजे. ते घर आकाशात होतं आणि पृथ्वीभोवती फिरत राही, म्हणून सूर्यही तिथे दिवसातून सोळा वेळा उगवे.

माणसाला आकाशात राहता येईल का, एवढं जाणून घ्यायला एका राणीने ते बांधून घेतलं होतं. तिथे वर आणि खाली असं काही नव्हतं. दिव्याची ज्योत लिंबासारखी गोल जळे. गव्हाचं रोप आधी भांबावे, मग उजेडाकडे वळे. एके काळी सहा जण तिथे राहून हे सगळं वहीत लिहीत. काम संपलं तसे पाच जण एकेक करून खाली गेले. राखणदार तेवढा उरला. तो अजूनही सहा वाट्या पुसून ठेवी.

घर रोज थोडं खाली घसरे. तेल जाळून त्याला वर ढकलावं लागे. एक बुधला मात्र बाजूला ठेवलेला होता. शेवटी घर नेमकं निर्मनुष्य समुद्रात उतरवायचं, त्यासाठी.

एके दिवशी त्याला न्यायला खालून नाव घेऊन एक नावाडीण आली.

"चला बाबा."

"एवढी एक फेरी होऊ दे, पोरी."

"तुमची एक फेरी तीन महिने चाललीय! पाय कशासाठी असतात ते तरी आठवतंय का?"

तिने बुधला उघडून पाहिला आणि तिचं हसू मावळलं. "बाबा, यातलं तेल कुठे गेलं?"

"घर वर ढकलायला घेतलं. थोडंच. त्याने काय गुन्हा केलाय, म्हणून त्याला बुडवायचं?"

"आज उतरवलं तर हे पुरेल. उद्या नाही पुरायचं. मग ते आपोआप पडेल, कुणाच्याही गावावर."

"माझ्या गावात आता माझं कुणी नाही."

"दुसऱ्या कुणाचं असेल ना?"

तिने हळूच विचारलं, "वह्या खाली गेल्या, बियाणं गेलं. आता इथे काय राहिलंय?"

तो म्हणाला, "मी."

मग त्यानेच बुधला ओतला, वात लावली आणि तो नावेत जाऊन बसला. घर पेटत, तुटत, जिथे कोळीही जात नाहीत अशा समुद्रात पडलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

खाली आल्यावर तो भिंत धरून पुन्हा चालायला शिकला. त्याच वह्या वाचून राणीची माणसं चंद्राजवळ नवं घर बांधायला निघाली होती. ती माणसं त्याच्याकडे आली.

"आजोबा, सगळ्यात आधी काय करावं?"

"उतरवायचं तेल बाजूला काढा. आणि मग त्याला हात लावू नका."

"अहो, घर अजून उभंही नाही!" सगळे हसले.

म्हाताऱ्याने भिंतीवरचा हात काढला आणि एकेक पाऊल टाकत तो निघून गेला.

ज्याच्यावर जीव जडला, ते हातात बळ आहे तोवर आपणच खाली ठेवावं.