पोरेबाईंच्या दारचं ऊन

"पण मग तिला शिकवायचं तरी कसं, आप्पा?"

दमयंतीबाईंचा आवाज जरा चढलाच. ते लक्षात आलं तशा त्या मुकाट्यानं वेताच्या मोढ्यावर बसल्या.

आप्पा गुरव आंब्याच्या रोपावर कलम बांधत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"कुणाला?"

"आता सांगितलं ना! पिंजार गल्लीतलं शेवटचं घर. गेल्या पावसाळ्यात आम्ही तिच्या दारात कडुनिंब लावला. तो तिनं उपटला. दिवाळीनंतर पुन्हा लावला. पुन्हा उपटला. अख्ख्या गल्लीत एक झाड नाही, माणसं उन्हानं भाजून निघतात, आणि ही बाई..."

"नाव काय म्हणालीस?"

"पोरे. सुलोचनाबाई पोरे."

आप्पांचा हात थांबला. मग त्यांनी सुतळीला हळूच पीळ दिला आणि गाठ मारली.

आप्पा चौऱ्याहत्तर वर्षांचे. शहराच्या बागांवर मुकादम म्हणून उभा जन्म गेला. दमयंतीबाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. पुस्तकातली झाडं त्यांना तोंडपाठ होती, पण झाडाच्या खोडाला हात कसा लावायचा ते त्या आप्पांकडे शिकल्या. इथंच, घरामागच्या या परड्यात, दर गुरुवारी. सोळा वर्षं झाली या गोष्टीला. कुणी विचारलं तर त्या सरळ सांगत, आप्पा माझे गुरू.

आता शहरात वृक्ष समिती झाली होती. पगार नाही, भत्ता नाही, हौसेनं एकत्र आलेली नऊ माणसं. वस्त्यावस्त्यांत जाऊन लोकांना झाडांचं महत्त्व पटवायचं, शाळांतून बोलायचं, पत्रकं वाटायची, हे काम दमयंतीबाईंकडे होतं. आणि बोलण्यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. हे त्यांनाही माहीत होतं.

"समितीतले म्हणतात, तिच्यावर तक्रार करू. कागद तयार आहे. मीच अडवून धरलाय. म्हटलं, मला आठ दिवस द्या. रविवारी गल्लीत सभा आहे, त्याच्या आत मी तिला समजावते."

त्यांनी पिशवीतून एक पत्रक काढून आप्पांपुढं धरलं.

"हे वाटणार आहोत. वरचं वाक्य बघा. तुमचंच आहे."

वर ठळक अक्षरांत छापलं होतं... झाड म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस. त्याला दारात जागा द्या.

आप्पांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

"तिनं तुला काय समजावलं?" त्यांनी विचारलं.

"ती? ती काय समजावणार? दारच उघडत नाही धड."

"मग जा आणि बस तिच्या दारात. पत्रक नेऊ नकोस. झाड हा शब्द काढू नकोस."

"आणि काय करू?"

"बस म्हटलं ना."

दमयंतीबाईंना राग आला. पण गुरूनं सांगितलेलं.

*

पिंजार गल्ली दुपारी बाराला तव्यासारखी तापलेली होती. शेवटच्या घरावर 'वामनराव पोरे' अशी जुनी पाटी, समोर दोन खाटा. खाटांवर जुनी लुगडी अंथरलेली, आणि लुगड्यांवर कुरडया. ओळीनं मांडलेल्या, पांढऱ्याशुभ्र.

सुलोचनाबाई साठीच्या. काटक. डोक्यावर पदर घट्ट ओढलेला.

"पुन्हा आलात?"

"नुसती बसायला आलेय."

"झाड आणलंय?"

"नाही."

बाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग कोपऱ्यातली काठी उचलून त्यांच्या हातात दिली.

"बसायचंच आहे तर कावळे हाकला. मला चीक घाटायचाय."

कॉलेजात एकेका वर्गात शंभर पोरांना गप्प बसवणाऱ्या दमयंतीबाई दोन तास कावळे हाकत बसल्या. डोकं तापलं. घसा सुकला. जिभेच्या टोकावर एकच वाक्य येत होतं... बाई, इथं एक झाड असतं ना! त्यांनी ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी त्या टोपी घालून गेल्या. सुलोचनाबाई पहिल्यांदाच हसल्या. पाण्याचा तांब्या बाहेर आला. त्या दिवशी सांडगे होते.

"एवढं सगळं घरच्यासाठी?" दमयंतीबाईंनी विचारलं.

"घरात मी एकटी. मला कशाला लागतंय एवढं? लोकांचं आहे. फाल्गुनापासून मिरगापर्यंत करते, त्यावर वर्ष निघतं." बाईंनी एक सांडगा उलटून पाहिला. "सगळ्या गल्लीत माझ्या दारासारखं ऊन नाही. सकाळी आठला येतं ते सांजेपर्यंत हलत नाही. लोक म्हणतात, पोरेबाईंच्या कुरडया फुलतात तशा कुणाच्या फुलत नाहीत. माझं काय त्यात? उन्हाचं आहे ते."

दमयंतीबाईंच्या हातातली काठी तशीच राहिली. एक कावळा खाटेवर उतरला, सांडगा घेऊन उडाला.

दोन वेळा. दोन वेळा त्यांनी या दारात सावली लावली होती.

तिसऱ्या दिवशी त्या गेल्या तेव्हा सुलोचनाबाईंनी त्यांच्यासाठी भिंतीच्या आडोशाला पाट मांडून ठेवला होता. मग बाई आपणहून म्हणाल्या,

"गुलमोहर होता इथं. तुम्ही बसलाय ना... तिथं."

दमयंतीबाईंनी मान हलवली.

"फांद्या पार पत्र्यावर आल्या होत्या. वारा सुटला की करकर वाजायच्या. आम्ही सगळ्या गल्लीनं अर्ज केला, छाटा म्हणून. मग बागेकडचा एक माणूस आला. खोडाला हात लावला, थाप मारून बघितली. म्हणाला, झाड ठणठणीत आहे. आणि मग बोलायला लागला. तासभर बोलला, ताई. काय बोलला! बायका कामं टाकून ऐकत होत्या. आमच्या ह्यांनीच उठून सगळ्यांना सांगितलं, अर्ज मागं घ्या."

त्या थांबल्या. लुगड्याचं एक टोक वाऱ्यानं दुमडलं होतं, ते सरळ केलं.

"वीस दिवसांनी वादळ झालं. हे सायकल आत घ्यायला बाहेर आले..."

पुढचं बोलायची गरज नव्हती.

"सतरा वर्षं झाली. त्या माणसाचं नाव नाही आठवत. बोलणं आठवतं. म्हणाला होता, झाड म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस, त्याला दारात जागा द्या. आम्ही दिली. माझं वडीलधारं माणूस गेलं."

दमयंतीबाई पाटावरून उठल्या.

निघताना सुलोचनाबाई त्यांच्या मागं दोन पावलं आल्या.

"झाडांवर राग नाही हो माझा. लावायचंच असेल तर तिकडं विजेच्या डीपीच्या पलीकडं लावा. रिक्षावाली पोरं उन्हात उभी असतात दिवसभर. माझ्या दारात नको."

*

आप्पा परड्यात नुसतेच बसले होते. समोर काम नव्हतं.

"सांगितलं तिनं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला ठाऊक होतं. तिचं नाव ऐकल्यापासून ठाऊक होतं, आप्पा. आणि तुम्ही मला पाठवलंत. ते वाक्य मी सोळा वर्षं लोकांना सांगत फिरले. शाळांतून सांगितलं. तिच्या दारात उभी राहूनसुद्धा सांगितलं असेल मी!"

दमयंतीबाईंना रडू फुटलं. आपण रडतोय ते आप्पांवरच्या रागानं, त्या बाईच्या दुःखानं, की स्वतःच्या शरमेनं, त्यांना सांगता आलं नसतं.

आप्पांनी आपला उजवा हात गुडघ्यावर उताणा ठेवला. त्याच्याकडे बघत राहिले.

"खोड वरून टणक होतं," ते म्हणाले. "आत पोकळ. शिडी लावून वर चढलो असतो तर ढोली दिसली असती. पण लोक जमले होते... आणि माझं बोलणं रंगलं होतं."

"नंतर गेला नाहीत कधी?"

"तिच्या यजमानांना नेलं त्या दिवशी गेलो होतो. गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. पुढं पाय उचलेना."

"आणि सतरा वर्षं?"

"गल्लीच्या तोंडाशीच आहे."

कलमांच्या रांगेवरून एक चिमणी उडाली. दमयंतीबाईंनी डोळे पुसले. समोर बसलेला माणूस त्यांना एकदम फार म्हातारा दिसला. इतकी वर्षं तो तसा दिसला नव्हता.

त्या उठल्या. खुंटीवरची आप्पांची टोपी काढली आणि त्यांच्या डोक्यावर ठेवली.

"चला."

आप्पा हलले नाहीत.

"आप्पा... मी आहे बरोबर. चला."

*

गल्लीच्या तोंडाशी ते थांबले. दमयंतीबाईंनी ओढलं नाही. त्यांनी आपला हात पुढं धरला. बऱ्याच वेळानं आप्पांनी तो धरला.

सुलोचनाबाई पापड्या उलटत होत्या. दोघांना येताना बघून सरळ झाल्या.

आप्पांनी टोपी काढली. ऊन थेट डोक्यावर आलं.

"बाई, मी गुरव. बागेकडचा."

सुलोचनाबाईंनी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. मग हाताकडं. पुन्हा तोंडाकडं.

आता ही बाई काठी उचलेल, असं दमयंतीबाईंना वाटलं. उचलली असती तर त्या मध्ये पडल्या नसत्या.

"म्हातारे झालात," सुलोचनाबाई म्हणाल्या.

"हो."

"बोला की. त्या दिवशी तासभर बोलला होतात."

आप्पांनी तोंड उघडलं. ओठ हलले. ज्या माणसाच्या बोलण्यावर गल्ल्याच्या गल्ल्या डोलायच्या, त्याला एक शब्द सापडेना. ते खाली बसले. पाटावर नाही, जमिनीवर, तापलेल्या फरशीवर. दोन्ही हात जोडले आणि तसेच राहिले.

सुलोचनाबाई आत गेल्या. दमयंतीबाईंना वाटलं, आता दार लागणार. दार लागलं नाही. बाई बाहेर आल्या त्या पोतं घेऊन. त्यांनी ते आप्पांच्या शेजारी टाकलं.

"त्याच्यावर बसा. भाजेल."

मग स्वतः उंबऱ्यावर टेकल्या. दमयंतीबाईंकडं वळून म्हणाल्या, "ताई, कावळे."

दमयंतीबाई काठी घेऊन पलीकडच्या खाटेशी गेल्या. तिथून त्यांना नीट ऐकू येत नव्हतं. दिसत होतं तेवढंच. बाई बोलत होत्या. आधी जमिनीकडं बघून, थांबत थांबत. मग हातवारे आले. एकदा त्यांनी पदर डोळ्यांना लावला. एकदा, खरं वाटणार नाही, पण त्या हसल्या. आप्पा मान खाली घालून ऐकत होते. मध्ये एकदाही बोलले नाहीत. ऊन भिंतीवर चढलं, तरी बाई बोलतच होत्या. सतरा वर्षांत त्यांना कुणी हे सगळं विचारलंच नसावं.

निघताना सुलोचनाबाईंनी माफ केलं असं म्हटलं नाही. आप्पांनी माफी मागितलीही नाही. कागदात बांधलेल्या चार कुरडया त्यांनी आप्पांच्या हातावर ठेवल्या.

"तळून बघा," म्हणाल्या.

परतताना दोघं सावकाश चालले होते. कोपरा ओलांडला. डीपीच्या पलीकडं रिक्षावाले घाम पुसत उभे होते. दमयंतीबाईंनी जागा डोळ्यांनी मोजून घेतली.

"तक्रारीचा कागद मी आज फाडून टाकते," त्या म्हणाल्या.

आप्पा चालत राहिले.

"पत्रकंही नाही वाटणार. पण रविवारी सभा आहेच, आप्पा. सगळी गल्ली येणार. मी उभी राहिले की लोक माझ्या तोंडाकडं बघणार. त्यांना काय शिकवू मी?"

आप्पा थांबले. वळून गल्लीकडं बघितलं. बघत राहिले...

"वामनराव शिट्टी वाजवत घरी यायचे," ते म्हणाले. "ह्या कोपऱ्यापासून ऐकू यायची."