दोन चौकांपलीकडची कोठी

देशमुखांचं नवं घर बांधून होत आलं होतं. कोठीची खोली कुठे काढायची, हे सांगायला दरबारचे वास्तुशास्त्री त्र्यंबकबुवा आले. आयुष्यात कधी डाळीचा डबाही न उघडलेल्या या गृहस्थांनी फर्मावलं, "कोठी दर्शनी हवी, देवडीला लागून. भरलेल्या कणग्या पाहुण्यांना दिसल्या पाहिजेत!"

धाकटी सून चिमाबाई म्हणाली, "बुवा, स्वयंपाकघर दोन चौक मागे आहे आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. चुलीशेजारी लहानशी खोली पुरे."

"शास्त्र बायकांना विचारून लिहीत नाहीत!" बुवा गरजले.

चिमाबाईने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तिने सगळा जिन्नस देवडीत नेऊन ठेवला आणि बुवांनाच नव्या स्वयंपाकघरात जेवायला बोलावलं. पानावर वाफाळता वरणभात पडला. पण तूप वाढल्याशिवाय घास घ्यायचा नाही आणि पानावरून उठायचं नाही, हे बुवांनीच गावाला शिकवलेलं. भात निवला. वरणावर पापुद्रा धरला.

"सूनबाई, तूप?"

"निघालंय, बुवा. तुमच्या कोठीतून. आणायला सासूबाई गेल्यात. पहिला चौक ओलांडला असेल."

देशमुखांना हसू आवरेना. बुवांचं पोट शास्त्राहून मोठ्याने बोलू लागलं. "चुलीशेजारी काढा हो कोठी!"

देशमुखांनी तिथूनच गवंड्याला हाक मारली.

"पण बुवा, शास्त्रात तसं लिहिलंय का?" चिमाबाईने विचारलं.

तेवढ्यात सासूबाई धापा टाकत आत आल्या. भातावर तुपाची धार सोडत म्हणाल्या, "नसेल, तर जेवण झाल्यावर लिहा."