मुगदलानं कान लावला

माझ्या आज्याच्या आज्याला मिशा फुटायच्या आधी तालमीतली लाकडंबी बोलायची. त्यातला एक बाभळीचा मुगदल लई टेंभा मिरवायचा. "हैबती पैलवानाचा दंड म्या वाढवलाय!"

कुस्ती पाच दिसांवर आली तशी वस्ताद म्हणाले, "हैबती, आता निस्तं खा आन् झोप." मुगदलाला ते झोंबलं. त्यानं हैबतीला डिवचलं, "काय रं, म्हातारा झालास का? उचल की मला!"

हैबतीनं सकाळ-संध्याकाळ त्याला फिरवला. तिसऱ्या दिशी दंड असा गळाला की दुधाचा पेला हातातनं सुटला. मुगदल टरकला. आता कुस्ती गेलीच म्हणायची!

दुपारी हैबती बाजेवर घोरत पडला. बाज हसून मुगदलाला म्हणाली, "ये की शाण्या, ह्याच्या दंडाला कान लाव."

मुगदलानं कान लावला आन् आ वासला. आत बारीक बारीक धागे उसवलेले. सकाळच्या डाळीचा, अंड्याचा कस घिऊन रगत धावतंय, आन् एकेक धागा सांधला जातोय, पयल्यापरीस जाड.

"आई गं! हे समदं कोण करतंय?"

"तू न्हवं. तू निस्तं उसवतोस, बाबा. दंड वाढतोय त्यो हितं, निजल्यावर."

"मग म्या काय करू?"

"गप पड."

संध्याकाळी हैबतीनं सारी तालीम धुंडाळली, पर मुगदल गावंना. गडी बाजेखाली श्वास रोखून पडला व्हता, आन् कुस्तीच्या दिसापतुर भाईर आलाच न्हाई.