म्हाळूनं कचेरी धुतली

सकाळचे सात. बोरवेढे नगरपालिकेच्या नव्या कचेरीसमोरचं पटांगण. तीन मजली इमारत, पुढून निळे चकचकीत पत्रे, पत्र्यांवर पारव्यांनी केलेली घाण. खाली एक माणूस लांबलचक काठी घेऊन, मान वर करून उभा.

बोरवेढ्यात भोळ्या माणसांना तोटा नव्हता. नगरपालिका निवडून देणारे तेच. पण त्यातही हा म्हाळू अव्वल. सांगितलेलं तो जसंच्या तसं करायचा. ‘जरा थांब’ म्हटलं, की संध्याकाळपर्यंत थांबायचा.

म्हाळू नगरपालिकेत रोजंदारीवर होता. त्याची बायको यमुना दिवाळीला माहेरी गेली, ती तिकडंच राहिली. सासऱ्यांचा निरोप होता, “जावईबापू, कायम झालात की कळवा. तोवर पोरगी आमच्याकडं.”

म्हाळूनं हे नगराध्यक्ष गोविंदअण्णा थिट्यांच्या कानावर घातलं. अण्णा म्हणाले, “शुक्रवारी मंत्री येतायत उद्घाटनाला. तोवर कचेरीचं तोंड लखलखीत कर, तुला कायम करतो. नाही जमलं तर घरी बस.”

कायम करायचं आश्वासन अण्णांनी अर्ध्या गावाला दिलं होतं. ते खरं मानणारा म्हाळू एकटाच.

काठी नवीन आणली होती. एकात एक सरकणाऱ्या हलक्या नळ्या, टोकाच्या आकड्याला ब्रश आणि आतून साबणाचं पाणी. शिडी नको, परांची नको. खाली उभं राहून गच्चीच्या कडेची पट्टीसुद्धा घासता यायची. मागच्या वर्षी शिडीवरून एक माणूस पडला होता. त्याची चौकशी चालू आहे. तो लंगडतोय, चौकशीही लंगडतेय.

मुकादम लोंढे म्हणाले, “म्हाळ्या, नीट ऐक. पाय जमिनीवरनं उचलायचा न्हाई. वर काय करायचं असंल ते खालनंच.”

“व्हय मुकादम.”

म्हाळू घासायला लागला. तासाभरानं दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून मुकादमांनी हाक मारली, “म्हाळ्या, अण्णा आलेत. चहा घेऊन वर ये!”

म्हाळूनं पाय फरफटत जाऊन टपरीवरून किटली आणली. जिना चढायचा म्हणजे पाय उचलायला लागणार. त्यानं किटली ब्रशच्या दांड्यात अडकवली आणि काठी वर सरकवली. किटली खिडकीतून थेट अण्णांच्या टेबलावर गेली. चहा सांडला नाही. फक्त ब्रशचं पाणी त्यात ठिबकलं.

अण्णा घोट घेऊन म्हणाले, “आज चहाला फेस बरा आलाय.” दुसऱ्या घोटाला त्यांच्या तोंडातून बुडबुडा निघाला. तिसऱ्या घोटाला ते मोरीकडे धावले.

मुकादम धापा टाकत खाली आले. “अरं गाढवा! मोठ्यांच्या पुढ्यात असं जात्यात व्हय? आधी समोर जायचं. वाकून नमस्कार करायचा. ‘साहेब, येऊ का’ म्हणून इचारायचं. ‘ये’ म्हटल्याबिगर हात लावायचा न्हाई!”

“चुकलं मुकादम. आता ध्यानात ठेवतो.”

दुसऱ्या दिवशी म्हाळू कचेरीसमोर आला. ही तर नगरपालिका. अण्णांपेक्षा मोठी. तो वाकला. “साहेब, येऊ का?”

कचेरी काही बोलली नाही. म्हाळू वाकलेलाच राहिला. दुपारी मुकादम जेवून आले तेव्हाही तो तसाच होता.

“काय हुडकतोयस रं खाली?”

“परवानगी मागितलीय. साहेब बोलंना झालेत.”

मुकादमांनी कपाळाला हात लावला. “भिंत बोलंल व्हय? जे गप उभं असतंय आन् वरनं चकाकतंय, त्याला काय इचारायचं न्हाई. सरळ फेस सोडायचा आन् वरनं खाली घासत यायचं. कळलं?”

“कळलं.”

त्याच संध्याकाळी माजी उपाध्यक्ष वारल्याची बातमी आली. पटांगणात शोकसभा भरली. सगळे ओळीनं उभे राहिले. मधोमध अण्णा, अंगात उद्घाटनासाठी शिवलेलं कोरं जाकीट. ते त्यांनी शोकसभेला घालून बघितलं होतं. अण्णांच्या डोक्यावर केस नव्हता आणि मावळतीचं ऊन नेमकं तिथं पडलं होतं.

“दोन मिनिटं शांतता,” असं कुणीतरी म्हणालं.

म्हाळूनं बघितलं. गप उभं आहे. वरून चकाकतंय. त्यानं काठी वळवली आणि अण्णांच्या टकलावर फेस सोडला.

अण्णांना ओरडता येईना. शांतता त्यांनीच पुकारायला लावली होती आणि समोर मयताचा थोरला मुलगा उभा होता. म्हाळूनं टक्कल घासलं, कान घासले, तिथून जाकिटावर आला आणि वरून खाली व्यवस्थित बेंबीपर्यंत पोचला. लोकांनी माना खाली घातल्या. काहींचे खांदे हलत होते. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटलं, मयतावर गावाची भारी माया.

दोन मिनिटं संपली. त्यानंतर अण्णा जे बोलले ते छापता येत नाही.

मुकादमांनी म्हाळूला खेचत बाजूला नेलं. नव्या जाकिटाचा भिजून पार बोळा झाला होता. “अरं, धुवायचंच हुतं तर कुणी कापडासकट धुतंय का? आधी अंगावरचं काढायचं. घडी करून बाजूला ठेवायचं. मग आतलं अंग धुवायचं! एवढं तर शेंबड्या पोरालाबी कळतंय!”

“मग आधी का न्हाई सांगितलं, मुकादम?”

“उद्या मंत्री येतायत. उद्या चुकलास, तर यमुना इसर आन् घरी जा.”

म्हाळूला त्या रात्री झोप लागली नाही. चूक नेमकी कुठं होतेय ते आता त्याला कळलं होतं. दोन्ही दिवस तो कचेरी कपड्यांसकट धूत होता.

शुक्रवारी दिवस उगवायला तो पटांगणात हजर झाला. काठीच्या आकड्यातला ब्रश काढून ठेवला. आकडा पहिल्या निळ्या पत्र्याच्या कडेत घातला आणि ओढला.

पत्रे स्क्रूनं बसवले असते तर गोष्ट इथंच संपली असती. ते चिकटपट्टीनं डकवले होते. पत्रा भाजलेल्या पापडासारखा सुटून खाली आला. मग दुसरा आला. मग तर ओळच्या ओळ येऊ लागली. गच्चीच्या कडेची पट्टी नाडी सुटावी तशी लोंबत आली. म्हाळूनं पाय जमिनीवरून उचलला नाही.

आत जुनी कचेरी उभी होती. पोपडे सुटलेली, मधोमध तडा गेलेली, तड्यात पिंपळाचं रोप. ती पाडून नवी बांधली असं अण्णांनी जाहीर सभेत सांगितलं होतं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

म्हाळूला नवल वाटलं नाही. कपडे काढल्यावर आत माणूस निघतो. इमारतीच्या आत इमारत निघाली. त्यानं पुन्हा ब्रश लावला आणि जुनं अंग मन लावून धुवायला घेतलं. काजळी जात चालली तशी दुसऱ्या मजल्याखाली लाल अक्षरं दिसायला लागली. म्हाळूनं ती जास्तच घासली.

मुकादम आले आणि जागीच बसले. “म्हाळ्या! काय केलंस रं हे?”

“अंगावरचं काढलं. आता अंग धुतोय.”

“घाल! परत घाल ते!”

“ओल्या अंगावर?”

तेवढ्यात सनई वाजली. मंत्र्यांच्या गाड्या पटांगणात शिरल्या. मागोमाग अण्णा आले, दुसऱ्या कुणाच्या तरी जाकिटात. मंत्री उतरले, हातात कात्री घेतली आणि फितीवरून वर बघितलं. लाल अक्षरं आता स्वच्छ वाचता येत होती: ‘इमारत धोकादायक. आत जाऊ नये. – नगरपालिका, बोरवेढे.’

मंत्र्यांनी कात्री अण्णांच्या हातात दिली आणि गाडीत जाऊन बसले.

दुपारी तातडीची सभा भरली. अण्णांनी एकाच दमात ठराव मांडला: म्हाळूनं नगरपालिकेची नवी तीन मजली इमारत पाडली, सबब त्याला निलंबित करावं. ठराव एकमतानं मंजूर होणार, एवढ्यात जुन्या कारकुनानं अडचण काढली. रोजंदारीवरच्या माणसाला निलंबित करता येत नाही. निलंबित व्हायला माणूस कायम असावा लागतो.

म्हणून मग म्हाळूला आधी कायम केलं.

संध्याकाळच्या गाडीनं यमुना आली. बरोबर सासरे होते. त्यांनी जावयाच्या दंडाला हात लावून बघितला. “तीन मजले? एकट्यानं? आन् जमिनीवर हुबं राहून?”

“पाय उचलायचा न्हाई असं मुकादमांनी सांगितलं हुतं,” म्हाळू म्हणाला.

सोमवारी चौकशीला जिल्ह्याहून एक अधिकारी आले. त्यांनी म्हाळूला समोर उभं केलं. “खरं सांग. नवी इमारत कुठं आहे?”

म्हाळू वाकून म्हणाला, “घडी होईना साहेब. गठ्ठा करून सायकली लावायच्या जागेत ठेवलीय.”

अधिकाऱ्यांनी जाऊन बघितलं. नवी इमारत तिथं होती. सगळी मिळून कमरेएवढी.

नगरपालिका आजही त्याच कचेरीत भरते. ‘आत जाऊ नये’ ही लाल अक्षरं रस्त्यापलीकडूनही वाचता येतात आणि जन्ममृत्यूचे दाखले काढायला लोक रोज त्यांच्याखालून आत जातात. त्यांना आत कोण जाऊ देतं, हे नगरपालिकेत अजून कुणीही सांगितलेलं नाही.